खळ्यातलं इंजिन

"हे काही होणार नाही," असं कुणी म्हटलं की बाई आधी पदर कमरेला खोचायच्या आणि मग विचारायच्या, "कोणी सांगल्यान?" उत्तरासाठी त्या थांबत नसत. आपण कारणं जुळवेपर्यंत त्या कामाला लागलेल्या असायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याला समजवायला जावं आणि तासाभरात त्याच्याच हाताखाली पाने-स्क्रू देत उभं राहावं! माझं तेच झालं.

बाई आणि मी एकाच हायस्कुलात होतो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. घरंही शेजारी, मधे फक्त दगडी गडगा. त्यांनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या आणि एक जुनी व्हॅन घेतली. आमची वाडी खाली समुद्राजवळ आणि एसटी वरच्या रस्त्याला. मधली घाटी चढताना म्हातारीकोतारी चारदा बसतात. बाईंची व्हॅन आली आणि वाडीला जणू पाय फुटले.

एकदा भल्या सकाळी वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. बाईंनी व्हॅन काढली. मागे ती सून आणि तिची सासू, पुढे मी, नुसता सोबतीला. घाटी चढून बरंच पुढे गेलो आणि सीटखालून करपल्यासारखा वास यायला लागला. पाण्याचा पाइप फुटला होता. उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात.

"बाई, थांबवा. इंजिन जातला."

"थांबान हिका खंय न्हेव? इंजिन दुसरा मिळात," त्या म्हणाल्या आणि गाडी तशीच दामटली.

रुग्णालयाच्या दारात इंजिनातून मोठा आवाज आला आणि गाडी जागीच बसली. अर्ध्या तासानं मी मुलगी झाल्याचं सांगायला बाहेर आलो. बाई अजून स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. "दोघी बऱ्या आसत मां?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या खाली उतरल्या आणि मग कुठे सीट उचलून इंजिनाकडे पाहिलं.

गाडी ओढत तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. मालक म्हणाला, इंजिन जाम झालंय, बदलावं लागेल. बाईंनी विचारलं, "दुसरा खयचा घालतलास? माका आधी बघूचा आसा."

मालक हसला. "तां आमच्यार सोडा, बाई. बाईमाणसाक त्यातला काय कळतला? घरात कोण पुरुष असलो तर धाडून देवा."

बाईंनी हात पुढे केला. "चावी दे."

गाडी पुन्हा ओढत घरी आणताना मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं. गॅरेजात लिफ्ट असते, अवजारं असतात, चार अनुभवी हात असतात. बिघडलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. घरी बिघडलं तर कुणाशी भांडणार? आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गाडीखाली शिरायचं म्हणजे काय?

"सर," बाई म्हणाल्या, "तीस वर्षां मी फळ्यार इंजिन काढलंय. आता गाडयेतसून काढतंय."

दोडामार्गला मागून ठोकर बसलेली तशीच एक व्हॅन भंगारात आली होती. बाईंनी भंगारवाल्याला ती चालू करायला लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. डॉक्टर छाती तपासतात तशा. मग म्हणाल्या, "ह्याच व्हया."

इंजिन टेम्पोतून घरी आलं आणि बाईंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, काम सुरू झालं. किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याकडून त्यांनी साखळीची कप्पी आणली आणि फणसाच्या जाड फांदीला टांगली. मला वाटलं, आता इंजिन वर ओढणार. पण या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, ते खालूनच निघतं. बाईंनी इंजिन जॅकवर तोलून हळूच खाली जुन्या टायरवर उतरवलं आणि कप्पीनं गाडीचंच तोंड वर उचललं. लाकडी ठोकळे लावल्याशिवाय त्या मला बोटही आत घालू देत नव्हत्या. मग आम्ही दोघांनी पोत्यावरून ते धूड बाहेर ओढलं. माझी कंबर धरली. बाईंनी मला निर्गुडीचा पाला दिला आणि पुन्हा कामाला बोलावलं.

प्रत्येक नटबोल्ट करवंटीत. करवंटीवर खडूनं आकडा. आकड्यासमोर वहीत आकृती. मी एकदा सहज अकरा आणि बारा नंबरच्या करवंट्या जवळजवळ सरकवल्या, तर शाळेत मुलांवर ओरडायच्या तशा ओरडल्या. रस्त्यानं जाणारे गडग्यापाशी थांबायचे आणि सल्ले देऊन जायचे. "बाई, ह्यां बायकांचा काम न्हय." गाडीखालून फक्त दोन शब्द यायचे. कुठले, ते तुम्हाला माहीतच आहे.

दहाव्या दिवशी इंजिन जागेवर बसलं. अर्धी वाडी जमली. बाईंनी चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र उतरून गाडीखाली वाकल्या. खाली पसरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तेलाचा एक थेंब पडला होता. बघता बघता दुसरा पडला.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथलं रबरी सील गळत होतं. बदलायचं तर सगळं पुन्हा खाली उतरवायला हवं. ते आधीच बदलायला हवं होतं, पण बरं दिसलं म्हणून बाईंनी तेच ठेवलं होतं. लोक हळूहळू पांगले. संध्याकाळी गॅरेजवाल्याचा निरोप आला, "हट्ट पुरे झालो. घेवन येवा, करून देतंय."

मी बाईंना शोधत मागच्या बाजूला गेलो. त्या विहिरीच्या कठड्याला टेकून रडत होत्या. डोळे पुसताना हाताचं काळं तेल गालभर फासलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

"बाई, आता देवया गॅरेजात. एवढा केलास तां काय कमी आसा?"

"चूक माझी आसा, सर. ती दुसऱ्याकडसून कित्याक निस्तरून घेव?"

"मगे रडतास कित्याक?"

"रडणाऱ्यान काम सोडूचा, असा कोणी सांगल्यान?" त्या तोंड धुऊन उठल्या.

पहिल्यांदा इंजिन उतरवायला चार दिवस लागले होते. आता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते खाली होतं. तिसऱ्या दिवशी नवं सील घालून पुन्हा वर चढलं. या वेळी टाळ्यांना कुणी नव्हतं. गाडी तासभर चालू ठेवून आम्ही दोघं पुठ्ठ्याकडे बघत बसलो. पुठ्ठा कोरडा राहिला.

इंजिनाचा नंबर बदलला, म्हणजे सरकारी कागदही बदलायला हवेत. आरटीओच्या कार्यालयात बाई चोख पुस्तकी मराठी बोलायच्या. तिथल्या साहेबांनी गॅरेजचं बिल मागितलं.

"गॅरेज नाही. इंजिन मी बसवलं आहे."

"मॅडम, असं चालत नाही."

"चालतं. इथपर्यंत चालवतच आणलं आहे. खाली उभी आहे गाडी."

साहेब खाली आले. सीट उचलून त्यांनी बराच वेळ पाहिलं, काय काय विचारलं. बाईंनी वही उघडून दाखवली. कागदांसाठी आणखी तीन खेपा झाल्या, पण नोंद झाली.

परतताना त्यांनी व्हॅन मुद्दाम त्या गॅरेजच्या दारात उभी केली. इंजिन चालूच. मालक बाहेर आला, कान देऊन उभा राहिला.

"बरां चलता," तो शेवटी म्हणाला.

"माका म्हायत आसा," बाई म्हणाल्या आणि गिअर टाकला.

पुढं त्यांनी मलाही गाडी शिकवायला घेतली. साठीनंतर मला काही जमायचं नाही, असं मी म्हणून पाहिलं. त्याचा उपयोग काय होणार होता! घाटीवर मी हमखास गाडी बंद पाडायचो आणि बाजूच्या सीटवरून तोफखाना सुरू व्हायचा. "क्लच! सर, क्लच! तुमका व्याकरणातली चूक चलना नाय, मगे गाडयेत कित्याक चुकतास?"

गेल्या श्रावणात बाई गेल्या. आठ दिवसांचा ताप, बस. मुंबईहून त्यांचा भाऊ आला होता. निघताना त्यानं व्हॅनची चावी माझ्या हातात ठेवली. "तिनं सांगून ठेवलंय, सरांनाच द्या म्हणून."

ती सगळी मंडळी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच व्हॅन घेऊन निघालो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. घाटी अर्धी चढलो आणि माझ्या हातून गाडी बंद पडली. थोडी मागेही घसरली. मी ब्रेक दाबून मान खाली घालून बसलो. बाजूच्या सीटवरून कुणी काही बोललं नाही. खालून समुद्राचा आवाज तेवढा येत होता.

मग मी हँडब्रेक ओढला, चावी फिरवली आणि पहिला गिअर टाकला.