दगड वेचलेलं शेत

माझ्या दूर राहणाऱ्या नातवंडांनो,

तुम्ही पत्रात विचारलंत, की आजी रोज दिवा लावते, पण देवाकडे काही मागताना कधी दिसत नाही, असं का? याचं उत्तर जरा लांबचं आहे. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. नंतर लिहिता येईल की नाही, हे डॉक्टर नीट सांगत नाहीत. म्हणून आजच लिहून ठेवते.

लढाईची वर्षं होती. तुमचे आजोबा शेतीखात्यात अधिकारी होते आणि आम्ही म्हसावदला राहत होतो. धान्याची टंचाई होती, त्यामुळे पडीक जमीन पेरलीच पाहिजे असा सरकारचा आग्रह होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून नोटिसा मीच लिहून देत असे. त्यातली एक भायलाबाबाच्या नावाची होती. हा डोंगराच्या पायथ्याचा म्हातारा शेतकरी, पावरा आदिवासी. त्याचा मुलगा लष्कराच्या रस्त्यावर मजुरीला आसामकडे गेला होता. तो सुखरूप परतला की सगळं गाव बोलावून देवासाठी नाच करीन, असा नवस म्हातारा बोलला होता, आणि त्या नाचासाठी शेताचा एक लांब तुकडा त्याने न पेरता राखला होता. नाचणारे अनवाणी असतात, म्हणून तो रोज त्यातले दगड वेचून बांधावर टाकी. मला तो अडाणीपणा वाटला. येत्या पावसाळ्यात न पेरल्यास जमीन दुसऱ्याला कसायला दिली जाईल, असं मी लिहिलं आणि ठळक दिसावं म्हणून खाली रेघही ओढली.

त्याच फाल्गुनात तुमचे बाबा आजारी पडले. तेव्हा ते चार वर्षांचे होते. पायाच्या हाडात पू झाला होता आणि तीन आठवडे ताप हटत नव्हता. मी इतकी थकले होते की प्रार्थनाही सुचेना. देवघर रोज पुसत होते, पण ते घर पुसायची सवय होती म्हणून. मुंबईला नेऊन पायाला चीर देऊन पू काढला नाही तर मूल हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याचं दोन इंजिनांचं लहान विमान गावाबाहेरच्या माळावर उतरलं होतं. आजोबांनी शब्द टाकला आणि परतीच्या फेरीत आम्हां दोघांना जागा मिळाली. आजोबा खालीच राहिले.

वारा डोंगराकडून येत होता, म्हणून विमान त्याच दिशेने उडालं. झाडांच्या शेंड्यांवर जेमतेम आलो असू, तोच डाव्या बाजूचं इंजिन खोकलं आणि पंखा थांबला. विमान त्या बाजूला कलंडू लागलं. मला वाटलं, आता मागे फिरतील. मीच ओरडले, मागे घ्या म्हणून. पायलट पारशी होते, वयाने मोठे. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "मागे वळलो तर पडलो, बाई. मुलाला धरा." आणि एकाच बाजूच्या ओढीने विमान उलटू नये म्हणून उरलेल्या इंजिनाचा जोरही त्यांनी आपल्या हाताने काढून घेतला. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. स्तोत्रं लहानपणापासून पाठ होती, एकही ओळ आठवली नाही. मी फक्त मुलाचा श्वास मोजत राहिले, आणि मग मोजणंही सोडलं. माझ्या हातात काही उरलं नव्हतं. खरं सांगते, त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला विसावा वाटला.

समोर कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग होते, बांध होते, नाला होता. या सगळ्यात एकच पट्टी मोकळी होती. विमान तिच्यावर टेकलं, उसळलं, दोन लांब चाकोऱ्या ओढत गेलं आणि बांधाच्या दगडांपाशी थांबलं. मुलाला घेऊन उतरले तर समोर भायलाबाबा. त्याने विमानाकडे पाहिलंच नाही. मुलाच्या कपाळावर हात ठेवला. घरी पावरी बोलणारा तो आमच्याशी बाजारातली अहिराणी बोले. म्हणाला, "मी मन्हा पोऱ्यानी वाट देखी ऱ्हायनू, बाई. पहिले तुन्हा उना." वाट त्याच्या मुलाची होती, आधी आला तो माझा.

त्याने लगेच गाडीला बैल जुंपले आणि खाली गवत पसरलं. निघताना पागोट्यातून एक घडी काढून माझ्यापुढे धरली. चार दिवसांपूर्वी शिपाई देऊन गेला होता, वाचणारं कोणी भेटलं नव्हतं. "हाऊ कागद काय सांगस?"

माझंच अक्षर, माझीच रेघ. खोटं सांगता आलं असतं. मी वाचून दाखवलं, आणि लिहिणारी मीच आहे, हेही सांगितलं. म्हातारा विमानाच्या चाकोऱ्यांकडे पाहत म्हणाला, "नांगर ते फिरी गया, बाई. आते बस गाडीमा."

त्याच्या गाडीने शहाद्याला, तिथून मोटारीने नंदुरबारला आणि पुढे आगगाडीने आम्ही मुंबईला पोचलो. पायलटही बरोबर होते, रात्रभर त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं. पाय थोडा आखूड राहिला, मूल वाचलं. मी मुंबईहून आजोबांना सगळं लिहिलं. नियम मोडणारा माणूस नव्हता तो. त्यांनी कागदावर त्या तुकड्याची नोंद 'विमान उतरण्याची जागा' अशी केली आणि नोटीस मागे घेतली.

हे देवाने केलं का, हे मी ठरवू शकत नाही. एवढंच कळलं, की ज्या जमिनीच्या नोटिशीत मी रेघ ओढली होती, तिनेच आम्हाला झेललं, आणि तेही मी मागायचं विसरले होते तेव्हा. म्हणून मी दिवा लावते आणि गप्प उभी राहते.

भायलाबाबाचा मुलगा परत आला नाही. तो नाच झालाच नाही. म्हातारा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर मी तिथे जाऊन आले. तो तुकडा अजून पडीक आहे, आणि त्यात एकही दगड नाही.