फणसाखालची मुलाखत

"मॅडम, आधी चहा. मग आत जाऊ."

जेलरसाहेब खुर्ची पुढे सरकवत होते. आतून खराट्याचा आवाज येत होता. मी वकील आहे आणि तुरुंग बघायच्या समितीवर आहे. ही समिती बाहेरच्या माणसांची. नियमाप्रमाणे आम्ही न कळवता कधीही जाऊ शकतो. प्रत्यक्षात फाटकावर आदरातिथ्य सुरू होतं आणि आत झाडलोट. या चहाचा मला कंटाळा आलाय.

आत गेलो तेव्हा बराकीत फिनेलचा वास होता. कैदी रांगेत बसलेले. सगळ्यांचं एकच उत्तर, "सगळां बरां आसा." एकजण तेवढा ऑक्टोबरच्या उकाड्यात पायावर कांबळं घेऊन बसला होता. सुऱ्या, मच्छीमार बोटीवरचा खलाशी. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा.

माझ्यासोबत समितीवरचे निवृत्त हेडमास्तर होते. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. सरांनी तो विचारलाच.

"खंयचो रे तू?"

"देवगडकडचो."

मागे उभा असलेला हवालदार हसला. "आमच्याच वाडीतलो तो, सर. घराक घर लागून."

सुऱ्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. सर मात्र खूश. त्यांना वाटलं, ओळख निघाली, बरं झालं! कपाळावर हात मारून घ्यावा असं मला झालं.

मी जेलरसाहेबांना म्हटलं, "मला यांच्यातल्या एकेकाशी एकट्याने बोलायचंय." आमच्या कामात याचा साधा नियम आहे. शिपायाला कैदी दिसला पाहिजे, पण बोलणं ऐकू जाता कामा नये.

"सगळ्यांशी? मॅडम, जेवणाची वेळ झाली. एकाला घ्या."

मी सुऱ्याला घेतलं.

अंगणातल्या फणसाखाली बसल्यावर त्याने कांबळं काढलं. पाय सुजून चकाकत होता. दोन बोटं काळी पडलेली, वास येत होता. त्याला साखरेचा आजार होता.

"कोणाला सांगितलंस?"

"हवालदारकाकाक. ते म्हणाले, एस्कॉर्ट येवंदे."

एस्कॉर्ट म्हणजे कैद्याला बाहेर नेताना सोबत लागणारे पोलीस. ते नेहमीच बंदोबस्तावर असतात.

"मी हे लिहिते," मी म्हटलं.

"लिवू नकात, बाई. काका आमचे शेजारी. घराकडे आई एकटी आसा."

"तुझं नाव न घेता तुझा पाय कसा नेऊ रे दवाखान्यात?"

त्याने कांबळं परत पायावर ओढलं. "पाय ऱ्हवतलो मां?"

"आज गेलास तर राहील बहुतेक."

"मगे लिवा."

याला आजच दवाखान्यात न्या, असं मी कचेरीत जाऊन सांगितलं. जेलरसाहेब म्हणाले, "एस्कॉर्ट आज मिळणार नाही, मॅडम. उद्या बघू."

"मग मी इथेच बसते. आता चहा मागवा."

सर बिचारे अवघडून माझ्या शेजारी बसले. मी जिल्हा न्यायाधीशांना फोन केला, मग पोलिसांना, मग परत न्यायाधीशांना. राग होताच, पण जास्त थकवा होता. एवढासा पाय हलवायला एवढी माणसं लागावीत? संध्याकाळी गाडी आली. सुऱ्याची दोन बोटं गेली, पाय राहिला. हवालदाराला मेमो मिळाला, म्हणजे लेखी जाब विचारला गेला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कौतुकाने सांगितली असती.

पुढच्या तारखेला सुऱ्याची आई कोर्टाच्या पायरीवर भेटली. विहिरीवर जायची तिची वाट हवालदाराच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून जाते. पिढ्यान् पिढ्या तीच वाट.

"वाटेर वई घातल्यानी, बाई," ती म्हणाली. वई म्हणजे काट्यांचं कुंपण. "पाय वाचलो, तुमचे उपकार. पण माका पाण्याक वळसो पडता. आता परत तेका एकट्याक बोलवू नकात."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी त्या हवालदाराच्या घरी निरोप धाडला, गावात दोघांशी बोलले. वई अजून तिथेच आहे.

तेव्हापासून मी बराकीतल्या प्रत्येकाला फणसाखाली बोलावते. ज्याला काही सांगायचं नाही, त्यालाही तितकाच वेळ बसवते. पावसापाण्याच्या गप्पा मारते. जेलरसाहेब वैतागतात, सर घरी जायची घाई करतात, माझी कंबर धरते. पण मग वई नेमकी कोणाच्या वाटेत घालायची, हे कोणाला कळत नाही.