खाऱ्या बांगड्याचं पाणी

आज खारा बांगडा भिजत घातला आणि त्या वासाने लग्नानंतरचा पहिला चैत्र समोर आला. विहीर आटली होती. ताजे मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायची आमच्याकडे रीत. मी न कळून खाऱ्या बांगड्याचं पाणी सासऱ्यांच्या हापूसच्या कलमाला ओतलं. आठवड्यात पानं करपली. मामंजी आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी तांब्याने त्याच्या मुळाशी सोडत होते.

"पाणी तर देतोय, मग का जळतंय गो बाय?"

मिठाने, हे ओठांवर आलं होतं.

"माजाच हात वायट," ते म्हणाले.

पुढे त्यांनी एकही झाड लावलं नाही. ते गेले, तरी मी सांगितलं नाही. आज ते पाणी मोरीत ओतलं आणि रिकामं भांडं धरून तशीच उभी राहिले.