माझ्या पाठवणीच्या गाडीचा गिअरबॉक्स

माझ्या पाठवणीच्या गाडीचा गिअरबॉक्स माझ्या बाबांनी खलास केला. मी आत बसलेली असताना.

बाबा आज पहाटे गेले.

ग्रुपवर सगळे लिहितायत, मास्तर किती शिस्तीचे, किती साधे. होतेच. पण हेही होतं, आणि त्यापायी ते पुढे मान खाली घालूनच जगले.

गाडी अन्वरचाचांची. बाबांचे जिवलग दोस्त. नव्वदच्या दशकात दुबईहून परतताना त्यांनी जपानी ऑटोमॅटिक आणली होती. लग्नात त्यांनीच चावी बाबांच्या हातात ठेवली.

"मास्तर, पोरीला तुम्हीच सोडा सासरी. हिला क्लचच नाय, कोणालाबी जमेल."

टेमघरच्या हॉलबाहेर वरपक्षाच्या पोरांनी मोटारसायकलींची चाकं जागेवर फिरवून धूर काढला. माझे चुलतसासरे म्हणाले, "मास्तर, तुमच्या ऑटोमॅटिकमध्ये येवढा दम न्हाय."

वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या माझ्या बाबांच्या अंगात काय आलं, देव जाणे. हँडब्रेक ओढला, गिअर 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला.

पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. धूर, शिट्ट्या. मी म्हणतेय, "बाबा, बस झालं."

बाबा हसत होते. चाकं फिरत असतानाच त्यांनी रिव्हर्स टाकला. मग परत डी.

आतून दणका आला. इंजिन ओरडतंय आणि गाडी हलत नाही. जळक्या तेलाचा वास.

अख्खी वरात धक्का मारायला धावली. आपल्याकडे दुसरं येतं काय.

"मास्तर, सेकंड टाका न क्लच सोडा."

"क्लच हाय कुठं हिला?"

शेवटी टेम्पोला दोर बांधून सासरी, शेलार गावापर्यंत ओढत नेली. नवरीसकट. मी पदरात तोंड लपवून बसले होते.

इंजिन बंद असलं की ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. आणि ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, तीच चाकं रस्त्यावर फिरत गेली. बाबांच्या हातून जे वाचलं होतं, ते दोराने संपवलं. पार्ट मिळेना. गाडी चाचांच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

चाचा एका शब्दाने बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बाबा सुटले असते.

बाबांनी चाचांची गल्लीच सोडली. शाळेत जायला लांबचा वळसा. ईदला चाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले की बाबा मागच्या खोलीत. आई दारात सांगायची, "हे बाहेर गेलेत."

आणि बाबांच्या चपला तिथेच, चाचांच्या पायापाशी. मी माहेरी असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चाचा बसायचे, चहा घ्यायचे, जायचे.

आज सकाळी चाचा काठी टेकत आले. गुडघे वाकत नव्हते, तरी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

मी म्हटलं, "चाचा, दरवेळी बाबा घरातच असायचे."

"मालूम होतं बेटा. म्हणून तर चाय हळूहळू प्यायचो. वाटायचं, आज तरी मास्तर येतील बाहेर."

बाबा, तुमच्या वतीने चाचांची माफी मागितली आहे मी.

आता शांतपणे जा.