माळकऱ्याचं मेयोनेझ

धरणाजवळच्या सरकारी बंगल्यावरचे खानसामे हिर्डोशीचे, गळ्यात तुळशीची माळ. अंडं कधी तोंडात घातलं नाही, पण साहेबाच्या सॅलडवरचं मेयोनेझ त्यांनीच करावं. बलकात थेंबथेंब तेल सोडत घोटायचे आणि दाट झालं की चमचा माझ्यापुढं, म्हणजे बंगल्याच्या कारकुनापुढं, धरायचे. "मीठ बगा."

एकदा साहेबाची नवी मडम स्वयंपाकघरात आली. "स्वतः चाखत नाहीस?" तिनं दरडावून विचारलं. खानसाम्यांची नोकरी तिच्या एका शब्दावर होती.

"आमी माळकरी, बाईसाब. चव हे बगत्यात," म्हणत त्यांनी चमचा मला दिला.

मी चाखलं. खोटं बोलवेना. "मीठ कमी आहे."

त्यांनी शांतपणे चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा घोटलं आणि तिच्याकडं वळले. "बगितलं न्हवं? म्हनून तर ह्यांना इचारतो."