बँकेच्या पेजवर मामेकूळ

मी एकदा बँकेच्या फेसबुक पेजवर पोरगी मागितली. स्वतःच कबूल करते, कारण आर्वीत कोणीही सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

तेव्हा मी जेमतेम अठ्ठावन्नची. अक्कलदाढ पडली होती, अक्कल यायची होती. धाकटा लेक तेहतिशीला टेकलेला. वांगी-मेथी पिकवून आर्वीच्या बाजारात विकायचा. पोरींच्या बापांना आमची वांगी चालत, वांगीवाला जावई नको. आठ स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. नववं चहालाही आलं नाही. घरात त्याच्या लग्नाचं कोणी बोलेनासं झालं होतं. मला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं.

शाखेत खेटे नकोत म्हणून लेकानंच माझ्या फोनात बँकेचं पेज लावून दिलं होतं. एके सकाळी त्यावर आमच्याच शाखेतल्या काउंटरवरच्या मुलीचा फोटो आला. हिरवी साडी, हातात पाटी: ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ खाली ओळ: ‘आपलं मत नक्की कळवा.’

आता एवढी मोठी बँक मत विचारते, तर गप्प बसणं बरं दिसतं का? मला वाटलं, इथं लिहिलेलं बंद पाकिटासारखं थेट साहेबांच्या टेबलावर पडतं. मी लिहिलं, ‘पोरगी पसंत हाय. मामेकूळ कळवा. आमचा पोरगा शेती करते, दारू पित नाई.’

मिनिटभरात उत्तर! ‘आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल धन्यवाद. आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील. आपला नंबर मेसेजमध्ये पाठवा.’ इतक्या तातडीनं कोण्या सोयऱ्यानं उत्तर दिलं नव्हतं. प्रतिनिधी म्हणजे मध्यस्थच की. मी नंबर पाठवला आणि लेकाला दाढी करायला लावली. कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. कोणी पुण्याकडचा वाटला, फार गोड बोलला. मला कशात स्वारस्य आहे म्हणे. मी म्हटलं, पोरीत. मग मुलींसाठी त्यांच्याकडे फार छान योजना निघाली. मुलीचं वय किती, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तेच तर मी तुम्हाले विचारून राह्यली. आधार कार्ड आहे का म्हणाला, तर मी म्हटलं, तुमच्याच घरची पोरगी, तुम्हीच पाहा. मग त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, घरच्यांना विचारायला गेला.

संध्याकाळी लेक बाजारातून आला तो टोपली आपटतच. माझं मत अख्ख्या तालुक्यानं वाचलं होतं. मेथीची जुडी घेता घेता गिऱ्हाइकं त्याला मामेकूळ विचारत होती. तो न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी दारात हजर, पिशवीत दोन किलो वांगी. पोरीची माफी मागितली. माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं, म्हटलं. तिनं वांगी ठेवून घेतली, मंगळसूत्र पदराबाहेर काढून दाखवलं, आणि आपल्या फोनवर माझंच मत उघडून बोट ठेवलं.

“मावशी, माह्यं त मागच्याच साली झालं. पण हे पाहा, तुमच्याखाली कारंज्याच्या एका बाईनं लिवलं हाय, ‘माह्याकडं लग्नाची भाची हाय, पोराचा फोटू टाका.’ दोन दिवसांपासून वाट पाहून राह्यली ते बिचारी, अन् तुमी इथं मले वांगे देऊन राह्यल्या.”