आमच्याकडे जागा नाही

जेवायला बसला की तो आधी ताटातली एक पोळी उचलून डब्यात परत ठेवायचा. "मी पहिले दोन खाते, मग बघते," असं म्हणायचा आणि माझ्या बायकोकडे, मेधाकडे, वळून पुढे जोडायचा, "वहिनी, त्रास नको." चांगला सहा फूट उंच गडी, पण तिसरी पोळी त्याने कधी मागितली नाही.

त्याच्या 'खाते' आणि 'बघते'ला हसू नका. सुरुवातीला आम्हीही हसलो होतो. तो सुदानचा. पुण्यात तीन वर्षं कॉलेजला होता आणि मराठी शिकला ते घरमालकीणबाईंकडून. त्यामुळे बोलायचाही थेट त्यांच्यासारखा. एकदा मी त्याची चूक सुधारायला गेलो. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काकू अशाच बोलायच्या. काकू चुकीचं बोलतील?"

लंडनमधल्या ऑफिसात तो माझ्याच टीममध्ये होता. पहिल्याच आठवड्यात मी पुण्याला घरी फोनवर बोलत असताना पाठीमागून आवाज आला, "पुण्यात कुठे?" मी दचकून वळलो, तर हा उभा. त्या दिवसापासून आम्ही एकत्र डबा खाऊ लागलो.

मग त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि त्याच सुमारास खार्तूममध्ये लढाई पेटली. परत जायला घरच उरलं नव्हतं. त्याने इथे आश्रयासाठी अर्ज केला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोकरी करायची नाही, असा इथला नियम. साठवलेलं सगळं भाड्यात गेलं, तेव्हा मीच त्याला म्हणालो, "ये आमच्याकडे, पंधरा दिवस राहा." स्टॅनमोरच्या आमच्या भाड्याच्या घरात एक बॉक्स रूम आहे. तिच्यात एक पलंग मावतो आणि माणूस आडवा सरकून आत जातो. तिथे तो राहायला आला. पंधरा दिवसांचे पाच महिने झाले.

आता तुम्हाला वाटेल, आम्ही किती थोर. तसं काही नव्हतं. कचऱ्याचा कुठला बिन कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा हे आमच्यापेक्षा त्याला पक्कं ठाऊक होतं. वॉशिंग मशीन त्याने दोनदा दुरुस्त केलं. मी ऑफिसातून यायच्या वेळी तो मुद्दाम फिरायला जायचा, म्हणजे आम्हा नवराबायकोला तासभर घर मोकळं मिळावं. पाऊस असला तरी जायचा. एकदा भिजून आला तेव्हा मी रागावलो, तर म्हणाला, "मला चालायला आवडते." आणि खरं सांगतो, तो गेला की मी टीव्हीचा आवाज वाढवून पाय पसरून बसायचो.

मेधाला सातवा महिना लागला. तिची आई सांगलीहून येणार हे ठरलं. आम्ही दोघं आठवडाभर बेडरूममध्ये कुजबुजलो, पण त्याला सांगायचं कसं? शेवटी तोच म्हणाला, "आई येणार ना? मी चौकशी केली आहे."

इल्फर्डला एक सल्ला केंद्र आहे. तिथल्या एका वयस्कर पंजाबी बाईंनी त्याला नियम समजावून दिला होता. आश्रय मागणाऱ्याला सरकार राहायला जागा आणि जेवणापुरता आधार देतं, पण तो निराधार असेल किंवा चौदा दिवसांच्या आत निराधार होणार असेल तरच. डोक्यावर मित्राचं छप्पर आहे तोवर तो निराधार नाही. म्हणून मित्राचं पत्र हवं: अमुक तारखेनंतर मी याला ठेवणार नाही.

पत्र मी लिहिलं. इंग्रजीत, अगदी नम्रपणे: याला घरी ठेवून घेताना आम्हाला आनंदच झाला, परंतु नाइलाजाने कळवावं लागतं, वगैरे. त्याने ते वाचलं आणि चष्मा काढला.

"हे लग्नाचं आमंत्रण आहे का? आनंद काढ."

मी आनंद काढला.

"नाइलाज पण काढ. कडक लिही. मला बाहेर काढ."

आमच्याच डायनिंग टेबलावर, मेधाने केलेला चहा पीत पीत त्याने माझ्याकडून स्वतःला घराबाहेर काढायचं पत्र लिहून घेतलं. शेवटी मी 'सस्नेह' लिहायला गेलो तर त्याने माझा हात धरला. आम्ही तिघंही खूप हसलो.

दहा-बारा दिवसांनी मला ऑफिसात फोन आला. जागेसाठी केलेला त्याचा अर्ज तपासणारी बाई होती. आवाज गोड. मी किचनमध्ये उभा होतो, केटलपाशी दोन सहकारी आपापले मग घेऊन थांबले होते. बाईंनी विचारलं, तुम्ही पत्रात लिहिलंय तसं त्या तारखेला त्याला खरंच घराबाहेर काढणार आहात का?

एका शब्दाचं उत्तर होतं. हो.

मी काय म्हणालो? म्हणालो, "छे हो, आम्ही काय त्याला रस्त्यावर काढू? घरच्यासारखा आहे तो. आई आल्या तर हॉलमध्ये झोपेल. आमच्यात पाहुण्याला असं काढत नाहीत." केटलपाशी उभ्या असलेल्या दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. माझी छाती फुगली, ती संध्याकाळपर्यंत तशीच होती. घरी येऊन मी दोघांना हे कौतुकाने सांगितलंसुद्धा!

तो जेवत होता. घास गिळून म्हणाला, "थँक्यू." एवढंच. मेधाने मात्र कपाळाला हात लावला. "अरे, तू असं कसं सांगून बसलास? मग त्या लेटरला काय मीनिंग राहिलं?"

आठवड्याने नकार आला. मित्राच्या घरी राहण्याची व जेवणाची सोय उपलब्ध आहे, सबब अर्जदार निराधार नाही. खाली माझंच वाक्य, जसंच्या तसं. घरच्यासारखा आहे तो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अपिलाला कामाचे तीनच दिवस मिळतात. इल्फर्डच्या बाईंनी कागद तयार करता करता मला सुनावलं, "तुम्हारी इज़्ज़त के चक्कर में ये बेचारा लटक गया. अब जज के सामने बोलना." तो मध्येच म्हणाला, "त्याला रागावू नका." हेही त्याने मराठीतच म्हटलं. बाईंना ते कळलं असावं, कारण त्या थांबल्या.

सुनावणीला तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. न्यायाधीश बाईंनी शांतपणे विचारलं, "पत्रात एक लिहिलं आहे, फोनवर दुसरं सांगितलं. खरं कुठलं?"

"पत्र."

"मग फोनवर तसं का म्हणालात?"

"मला वाईट दिसायचं नव्हतं," मी म्हणालो.

"मी आज अपील फेटाळलं, तर त्या रात्री हे कुठे झोपतील?"

"आमच्याकडे नाही."

"नक्की?"

"नक्की. आमच्याकडे जागा नाही."

मान खाली घालून बोललो, पण अडखळलो नाही. मनात म्हणत होतो, हे खोटं आहे, त्याच्या भल्यासाठी बोलतोय. तेवढ्या आधारावर मी तिथे बसू शकलो.

अपील मंजूर झालं. उत्तरेकडच्या एका गावात त्याला खोली दिली. गाव आपण निवडायचं नसतं, देतील तिथे जायचं. जाताना त्याने पलंगाची चादर धुऊन, घडी करून ठेवली. मेधा रडली. मी त्याची बॅग व्हॅनपर्यंत नेली आणि म्हणालो, "हे घर तुझंच आहे, कधीही ये."

आई आल्या, बाळ झालं. आई सहा महिने राहिल्या. तो अधूनमधून फोन करायचा, बाळाचा आवाज ऐकायला मागायचा.

मग एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. आश्रयाचा अर्ज मंजूर झाला होता! आता तो कायदेशीर निर्वासित होता, नोकरी करायला मोकळा. मी ओरडलोच आनंदाने. तो हसला आणि म्हणाला, "पण कागद मिळाला की मदत बंद. अठ्ठावीस दिवसांत खोली सोड म्हणतात. लंडनला एक इंटरव्ह्यू आहे, पुढच्या बुधवारी. त्या आधी..."

"अरे, आई अजून इथेच आहेत," मी म्हणालो.

त्याने काही मागितलं नव्हतं. वाक्यही पुरं केलं नव्हतं. आणि आई आदल्याच रविवारी सांगलीला परत गेल्या होत्या. मी बॉक्स रूमच्या दारात उभा राहून बोलत होतो. आत पलंग रिकामा होता.

तो म्हणाला, "हो का? बऱ्या आहेत ना? इथली थंडी बाधते. त्यांना नमस्कार सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

मेधाने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाचा फोन?" मी म्हटलं, "ऑफिसचा."

त्याला आता वर्ष होत आलं. त्या बुधवारी तो लंडनला आला का, आला तर कुठे उतरला, अठ्ठावीस दिवसांनी त्याचं काय झालं, मला माहीत नाही. त्याचा फोन आला नाही. नंबर माझ्याकडे आहे. खूपदा लावावासा वाटतो. पण उचलला, तर तो आधी आईंची तब्येत विचारेल.